ब्रोकोली खाऊन तिशीत

१० सप्टेंबर, मंगळवार

आज आईनं मला आशीर्वाद दिला नाही. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा.

पहाटे कारखान्याच्या बसला निघण्याआधी मी रोजच्यासारखे तिच्या खाटेपाशी गुडघे टेकले, हात जोडले, कपाळ पुढे केलं. तिनं अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढायचा, "देव तुला सांभाळो" म्हणायचं आणि मग मी धावत सुटायचं, असा आमचा नेम. आई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग अगदी अदबीनं म्हणाली, "उठा बाई. आशीर्वाद आपापल्या आईकडे मागावा."

मी म्हटलं, "आई, मी डेल्फिना."

तर ती उशीखालचा फोटो काढून बघू लागली. फोटो माझाच आहे, जवळच्या लाताकुंगा शहरातल्या जत्रेत काढलेला, मी तिशीची असतानाचा. लाल शाल, दोन काळ्याभोर वेण्या, गाल असे की कुणीही चिमटा काढावा. आईनं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान हलवली. "ही माझी डेल्फिना. आली की तिला सांगते हं, तुम्ही येऊन गेलात म्हणून."

दिवसभर कारखान्यात पट्ट्यावरचे ब्रोकोलीचे तुरे कापले. हात कापत होते आणि डोकं भलतीकडेच होतं. मी लग्न केलं नाही, भावंडं नाहीत, बाप मला आठवत नाही. घर म्हणजे आई आणि मी, आणि एक गाय. या जगात मला सगळ्यात आधी जिनं ओळखलं, तीच ओळखेनाशी झाली तर मी राहिले कुणाची?

ही वही शेजारच्या लुझमिलाच्या नातवाची उरलेली. वर घोड्याचं चित्र आहे. मनातलं कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून घोड्याला सांगते आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज जपानहून माल घेणाऱ्यांची माणसं कारखाना बघायला आली होती. आम्ही सगळ्या पांढऱ्या टोप्या, पांढरे बूट, तोंडावर फडकी बांधून उभ्या. नुसते डोळे दिसत होते. त्यांच्यात एक बाई होत्या. मला वाटलं, चाळिशीच्या असतील. त्या गेल्यावर तपासणीवाली इंजिनिअर पोरगी म्हणाली, "बासष्ट वर्षांच्या आहेत त्या. रोज ब्रोकोली खातात म्हणे. कातडीला फार चांगली असते."

बासष्ट! माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, आणि माझ्या मुलीसारख्या दिसत होत्या.

पट्ट्यावर दिवसभर मला तोच विचार. बावीस वर्षं मी या हिरव्या तुऱ्यांना हात लावते आहे. आमच्या दारापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्यांचेच वाफे. थंडगार होऊन ते समुद्रापार जातात आणि तिकडच्या बायकांचे गाल गुळगुळीत ठेवतात. आणि आम्ही? उरलेले दांडे गायीला घालतो, स्वतः सातूच्या पिठाची फक्की मारतो, आणि डोंगरावरच्या उन्हानं चाळिशीतच सुकलेल्या बटाट्यासारख्या होतो. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते हेच.

घरी आले तर लुझमिला आईजवळ बसली होती. तिची दुपारची पाळी असते, माझी सकाळची. त्यामुळे आई कधी एकटी नसते. मी तिला म्हटलं, "लुझमिला, मी आजपासून ब्रोकोली खाणार. तिशीतल्यासारखी दिसू लागले की आई मला ओळखेल."

लुझमिलानं कपाळाला हात लावला. "अगं ए, गायीच्या तोंडचा घास काढतेस होय? तिला कळलं तर दूध आटवेल ती."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही गं. माझ्या सुनेनं त्या डब्यातल्या मलमावर केवढे उडवले. आणि औषध म्हणे आपल्या दारात! काखेत कळसा आणि गावाला वळसा." मग बूट चढवता चढवता थांबून म्हणाली, "खा बाई. पण मलाही सांग गुण आला तर. माझ्याही नवऱ्यानं मला ओळखून बरेच दिवस झाले."

१४ सप्टेंबर, शनिवार

उकडली, मीठ घातलं, खाल्ली. ओल्या गवताचा वास. अंगणातून गाय एकटक बघत होती. मला तिच्या नजरेला नजर देववली नाही.

आईला विचारलं, खातेस का? तिनं एक तुरा बोटात धरून उजेडात फिरवला. "हे झाड आहे. झाड खातात होय कुणी?" मग तो टेबलावर उभा केला, त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा. रान तयार झालं. त्या रानात तिनं मक्याचे दाणे पांढऱ्या मेंढ्यांसारखे सोडले आणि संध्याकाळपर्यंत राखत बसली. मी समोर बसून पाहत राहिले. धुकं दारातून आत आलं होतं आणि मला वाटलं, असंच जावं आयुष्य, एवढ्याशा रानाकडे बघत.

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळी बटाट्याच्या सारात, दुपारी अंड्यात बुडवून तळून, संध्याकाळी नुसती वाफवून. झोपताना दांडे वाटून त्याचा लेप. चेहऱ्यावर तो वाळत असताना डोळे मिटून पडते. मग मला दिसतं की मी लाल शाल घेऊन दारात उभी आहे आणि आई म्हणते आहे, "आलीस गं?" एवढंच. त्यापुढे स्वप्न जातच नाही. पण तेवढ्यासाठीही मी चार वेळा लेप लावायला तयार आहे.

आईत थोडा फरक पडला आहे. ती मला आता "बाई" म्हणत नाही, नुसतं "तुम्ही" म्हणते. आज जेवायला बसायच्या आधी ती माझ्यासमोर आली आणि दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. तळवे वर, मग पालथे. मला कळेना काय हवंय. मी म्हटलं, "काय गं आई?"

"धुतले," ती म्हणाली.

"छान केलंस," मी म्हटलं. ती खूश होऊन बसली. डॉक्टरीणबाई समजते की काय कोण जाणे.

२९ सप्टेंबर, रविवार

आज फार वाईट वाटलं.

गुळाचा खडा दिसेना म्हणून शोधत होते. आईच्या शालीच्या गाठीत सापडला, अर्धा चाटलेला. मी हसून म्हटलं, "अगं, लपवायचं कशाला? घरात तू आणि मीच तर." तर ती भिंतीला चिकटली आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. "मारू नका. परत नाही घेणार."

मी आईवर कधी हात उगारलेला नाही. आवाजही चढवलेला नाही, म्हणजे फारसा नाही. मी काय अशी दिसते? फोटोतल्या त्या मुलीला पाहून कुणी डोक्यावर हात घेतले नसते. माझ्या कपाळावर दोन उभ्या रेघा पडल्या आहेत, ओठांचे कोपरे खाली ओढलेत. हसले तरी खवळल्यासारखी दिसत असेन. जुन्या जहागिरीतल्या मुकादमाच्या बायकोला आई लहानपणी फार भ्यायची म्हणे. तिच्यासारखी दिसत असेन.

रात्रीच्या जेवणाला दुप्पट ब्रोकोली घेतली.

७ ऑक्टोबर, सोमवार

गुण येतो आहे! इंजिनिअर पोरगी स्वतःहून म्हणाली, "डेल्फिनाताई, तुमचा चेहरा तजेलदार दिसतोय." मी लगेच म्हटलं, ब्रोकोली. ती हसली. "थोडं त्याचंही असेल. पण ताई, खरं सांगू, तुमची कातडी उन्हानं आणि वाऱ्यानं गेली आहे. टोपी घाला आणि झोप काढा. भाजीनं वर्षं मागे जात नाहीत."

जपानी बाईंची गेली, मग माझी का जाऊ नयेत? शिकलेल्या माणसांना प्रत्येक गोष्टीत 'पण' लावल्याशिवाय चैन पडत नाही.

येताना बसमध्ये तिकीटवाल्यानं मला "पोरी, आत सरक" म्हटलं. गर्दी होती, मागून बोलला, तरी. मी खिडकीच्या काचेत स्वतःला बघत बसले. बाहेर वाफे मागे पळत होते, वर डोंगराचा पांढरा माथा, आणि मध्ये माझा चेहरा, फिकट, पारदर्शक, अगदी विशीतला. किती वेळ बघत होते कोण जाणे. माझा थांबा गेला. दोन मैल चालत आले.

लिहून टाकते, कारण इथे खोटं लिहून उपयोग नाही. चालताना माझ्या डोक्यात आई नव्हती. मीच होते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

तीन दिवस पोटात वाजंत्री. आज पट्ट्यावर सगळ्या शांत असताना असा आवाज झाला की मुकादमानं यंत्र थांबवून तपासलं. लुझमिलाला पाळी बदलताना बातमी लागलीच. "तिशीत काय, तू बाळपणात पोचलीस बाई," म्हणाली. "बाळांनाच एवढा वारा धरतो."

आई मात्र आज मला बिलगून झोपली. कधी नव्हे ते. माझ्या शालीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. ओळखायला लागली असेल. अजून थोडं तरुण दिसायला हवं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

उद्या रविवार. उद्याच करायचं.

अक्रोडाच्या पानांचा काढा करून केस काळे केले. जुन्या बायका करायच्या तसा, तीन वेळा. बोटं महिनाभर काळी राहतील. लुझमिलाच्या सुनेची लाल शाल आणली आहे. पावडर आणि गालांची लाली तिनंच लावून द्यायचं कबूल केलं. पाच आठवड्यांची ब्रोकोली पोटात आहे. सुरकुत्या पूर्वीपेक्षा उथळ झाल्यात, हे मी आरशात नीट पाहिलं आहे.

लुझमिला म्हणाली, "आणि नाहीच ओळखलं तर?"

"ओळखेल."

"अगं, पण ती आत्ता ज्या कुणाला घट्ट धरून झोपते, ती कोण आहे हे एकदा बघ ना आधी."

मला तिचं बोलणं कळलं नाही. ती कधी कधी उगाच मोठ्या माणसासारखं बोलते.

२१ ऑक्टोबर, सोमवार

कालचं आज लिहिते. आज कामावर गेले नाही.

काल सकाळी सगळा साज चढवला. आरशात पाहिलं तर खरंच तीच. अंधूक उजेडात, जरा लांबून, पण तीच. दारात जाऊन उभी राहिले, स्वप्नात राहायची तशी. आई चुलीपाशी वाटी घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं.

"तू कोण गं?"

"मी डेल्फिना, आई. ही बघ, फोटोतलीच." मी फोटो गालाशी धरला.

तिनं फोटोकडे पाहिलंच नाही. माझ्या मागे पाहिलं, मग खाटेकडे, मग दाराबाहेर. तिचा चेहरा पडत गेला. "इथे त्या असतात ना, त्या कुठे गेल्या? रोज सार देतात, शाल घालतात, त्या. तू घालवलंस त्यांना?"

"आई, ती मीच."

"खोटं बोलतेस. त्या अशा नाहीत. त्या म्हाताऱ्या आहेत." आणि रडायला लागली. म्हाताऱ्या माणसासारखी नाही, मोठमोठ्यानं, तोंड उघडं टाकून.

मागच्या अंगणात गेले, गायीच्या गळ्यात पडले आणि मीही रडले. पाच आठवडे जिचं खाणं खाल्लं तिच्याच खांद्यावर. किती वेळ गेला माहीत नाही. परत आले तर वाटी पालथी पडली होती, दार सताड उघडं, आणि आई नव्हती.

लुझमिलाला हाक मारली. ती हमरस्त्याकडे धावली, मी वाफ्यांकडे. जाताना खुंटीवरची माझी जुनी तपकिरी शाल तेवढी डोक्यावरून ओढली, कारण वारा सुटला होता. वाफ्यांत माणसं नव्हती, रविवार ना. नुसती निळी हिरवी पानं, गुडघ्यापर्यंत, टोकापासून टोकापर्यंत. मी "आई! आई!" ओरडत ओळीओळीतून पळत होते. तेवढ्यात पाण्याचे फवारे आपोआप सुरू झाले. दर रविवारी होतात, माझ्या ध्यानातच नव्हतं. अंगावर बर्फासारखं पाणी. अक्रोडाचा रंग ओघळून डोळ्यांत गेला, पावडर, लाली, सगळं गळ्याखाली. पुसत पुसत पळत राहिले. चिखलात दोनदा पडले. मनात एकच, सापडू दे, मला ओळखू नको, जन्मभर नको ओळखू, पण सापड.

ती पार डोंगराच्या बाजूला सापडली. दोन ओळींच्या मध्ये उकिडवी बसली होती, पाठमोरी, पानांच्या खाली हात घालून काहीतरी चाचपत. भिजून थरथरत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. धापा टाकत, चिखलानं माखलेली, केस कपाळाला चिकटलेले, आणि डोक्यावर ती कळकट शाल. अठ्ठावन्नची कसली, सत्तरची दिसत असेन.

आईनं मान वर केली. आणि तिच्या तोंडावर असा उजेड पडला, की मी मागे वळून पाहिलं, कुणी आलं की काय.

"आई!" ती म्हणाली. "किती उशीर केलात!"



ती लगबगीनं गुडघ्यांवर आली, त्या चिखलात, हात जोडले. "मेंढ्या हरवल्या, आई. दोन हरवल्या. सगळीकडे झाडंच झाडं झाली, दिसतच नाहीत. आधी आशीर्वाद द्या, मग मारा."

चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईनं माझ्यापुढे कपाळ केलं आणि डोळे मिटून घेतले.

तेव्हा मला कळलं. इतके दिवस "तुम्ही" कुणाला होतं ते कळलं. परक्या बाईला नव्हतं. जुन्या काळी आमच्याकडे मुलं आईला "तुम्ही"च म्हणायची.

माझा अंगठा अक्रोडानं काळा झाला होता. मी त्यानं तिच्या कपाळावर क्रूस काढला. म्हटलं, "देव तुला सांभाळो, बाळ." आणि म्हटलं, "मेंढ्या घरी आल्या. दोन्ही. चल."

ती उठली, माझ्या शालीचं टोक मुठीत धरलं, आणि आम्ही घरी आलो. वाटेत लुझमिला भेटली. तिनं माझा अवतार पाहिला, आईची मूठ पाहिली, आणि आमच्या मागे चालू लागली.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आजीचा फोटो नाही. तेव्हा आमच्यासारख्यांचे कोण काढणार? मी तिला पाहिलेलं नाही. आई नऊ वर्षांची असताना ती गेली, मेंढ्यांमागे डोंगरावर गेली ती तापानं फणफणून परत आली. पंचेचाळीस वर्षांची होती म्हणतात. पण त्या उन्हात आणि थंडीत पंचेचाळिशीची बाई आजच्या साठीची दिसायची. तो चेहरा साऱ्या जगात फक्त आईनं पाहिला आहे.

आज आरशासमोर बराच वेळ बसले. कपाळावरच्या दोन रेघा, खाली ओढलेले ओठ, डोळ्यांखालच्या पिशव्या. पाच आठवडे यांना घालवायला बसले होते. कुणाचं सामान मी घराबाहेर काढत होते, मला माहीत नव्हतं.

तरी एक गोष्ट इथे कबूल करायची आहे. मला आनंद झाला नाही. लुझमिला म्हणते, "बघ, तुला धरूनच आहे ती." असेल. पण जिला धरून आहे ती मी नाही. डेल्फिना तिच्यासाठी फोटोतच राहिली, आणि आता ती उशीखालचा फोटोही काढून बघत नाही. मला माझी आई हवी होती, आणि मला मूल मिळालं. कुणाकडे तक्रार करू?

२७ ऑक्टोबर, रविवार

मी ब्रोकोली सोडली. गायीच्या चेहऱ्यावर समाधान आहे.

पण गंमत अशी की आईनं धरली. आज मी सहज म्हटलं, "संपव बरं ताटातलं, वेण्या लांब होतील." तर आज्ञाधारकपणे सगळी झाडं खाल्ली, एकेक करून, आणि मग पाठ करून उभी राहिली, वेण्या मोजायला. चार पांढरे केस आहेत बिचारीचे. मी मोजून म्हटलं, "वाढल्या की."

लुझमिला आईच्या गालाला हात लावून बघते आणि म्हणते, "डेल्फिना, अगं, हिची कातडी बघ कशी झालीय! औषध घेतलं एकीनं आणि लागू पडलं दुसरीला."

सकाळी निघताना आता ती गुडघे टेकते आणि मी क्रूस काढते. पहिल्या दिवशी हात जड झाला होता. आता होत नाही. बसमध्ये काचेत बघत नाही, झोप काढते.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज मृतांचा दिवस. सगळा गाव दफनभूमीत. जांभळी घट्ट पेज, पाव, फुलं, रडणं आणि हसणं एकाच ठिकाणी. मी आईला न्यायचं की नाही, ठरत नव्हतं. तिच्या आईच्या थडग्यावर तिला कशी नेऊ, जर तिची आई तिचा हात धरून चालत असेल? पण शेवटी नेलं. सगळे गेल्यावर घरात एकटी कशी ठेवणार?

धुकं इतकं होतं की क्रूस तेवढे वर दिसत होते. आजीच्या क्रुसावरची अक्षरं मी ओल्या फडक्यानं पुसली. तिथे लिहिलं आहे, डेल्फिना तोआपांता. लहानपणी मला त्याची फार भीती वाटायची. स्वतःचं नाव थडग्यावर वाचायची सवय व्हायला वेळ लागतो.

आईला वाचता येत नाही. ती थडग्याच्या कठड्यावर आरामात बसली, पाय हलवत. तिला मी पावाचं बाळ दिलं होतं, आजच्या दिवशी सगळ्या लेकरांना देतात ते, दुपट्यात गुंडाळलेलं, लाल साखरेच्या डोळ्यांचं. सगळी मुलं आधी डोकं खातात. आईनं खाल्लं नाही. कुशीत घेऊन झुलवत राहिली.

"आई," ती मला म्हणाली, "मी मोठी झाले ना, की मला मुलगी होणार आहे."

"हो?"

"हो. एकच. तिचं नाव तुमचंच ठेवणार मी."

मी पेज ओतत होते. ती थोडी सांडली. "आणि दिसायला कशी असेल गं ती?" मी विचारलं.

तिनं विचार केला. पावाच्या बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, अगदी निरखून. "ते कुणाला माहीत? आधी लहान असेल, मग मोठी होईल, मग तुमच्यासारखी म्हातारी होईल."

"मग तुला कळेल का, हीच ती म्हणून?"

माझ्या प्रश्नाचं तिला हसू आलं. एवढं साधं मला कळू नये, असं.

"काय विचारता आई! माझी मुलगी ना ती? मी तिला कुठेही ओळखीन."

मी तिच्या खांद्यावरची शाल सारखी केली. "हो गं," मी म्हटलं, "ओळखशील." मग आम्ही दोघी पेज प्यायलो.